शेळीचा जीनोम : डेटाबेस आणि संगणकीय साधने

(उस्मानाबादी शेळीच्या संदर्भात). शेळीच्या पेशीतील संपूर्ण डीएनएची अक्षरमाला, तिच्यातील जातवार फरक आणि त्या फरकांचा जनावराच्या गुणांशी असलेला संबंध यांची नोंद ठेवणारे ऑनलाइन डेटाबेस, तसेच ही माहिती वाचण्यासाठी लागणारी सॉफ्टवेअर. शेळीत ६० गुणसूत्रे असतात : २९ साध्या जोड्या आणि एक लिंगनिश्चितीची जोडी. अक्षरे चारच, ए, टी, जी आणि सी. पण त्यांची संख्या सुमारे २९२ कोटी. हाताने वाचण्याचा प्रश्नच येत नाही.

उस्मानाबादी ही मराठवाड्याची शेळी. धाराशिव, लातूर आणि सोलापूरकडील भाग हा तिचा मूळ पट्टा. तुळजापूर तालुक्यातील, सोलापूर–हैदराबाद महामार्गावरचे अणदूर याच पट्ट्यात येते. रंग बहुतेक काळा. मात्र तपकिरी, पांढऱ्या आणि ठिपक्यांच्या शेळ्याही याच जातीत सापडतात, म्हणून नुसत्या रंगावरून जात ठरवू नये. मटण आणि दूध दोन्हींसाठी पाळतात. एका वेताला जुळी करडे होणे ही तिची खरी ख्याती. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या नोंदवहीत तिच्या संकेतांकाच्या शेवटी ०६०१७ हा आकडा येतो. यातला ०६ शेळीचा, पुढचा १७ जातीचा.

संदर्भ जीनोम : नव्या शेळीचा डीएनए वाचायचा तर तो कशाशी तरी ताडून पाहावा लागतो. शेळीचा पहिला संदर्भ जीनोम २०१३ मध्ये चीनमधील युनानच्या काळ्या शेळीवरून तयार झाला. त्यात फटी फार होत्या. २०१७ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी ‘एआरएस १’ हा कितीतरी सलग जीनोम प्रसिद्ध केला. तो ज्या बोकडाचा, त्याचे नाव पापडम. हा बोकड सॅन क्लेमेंट जातीचा; कॅलिफोर्नियाजवळच्या बेटावर रानटी झालेल्या शेळ्यांची ही जात. पिढ्यान्‌पिढ्या आपसातच प्रजनन झाल्याने आईबापांकडून आलेल्या दोन प्रतींत फरक कमी होता आणि तुकडे जुळवणे सोपे गेले, म्हणून त्याची निवड झाली. परिणाम असा, की अणदूरच्या शिवारात चरणाऱ्या शेळीचे प्रत्येक अक्षर त्या बेटावरच्या वंशाशी ताडले जाते. पापडमकडे नसलेला आणि केवळ आपल्या शेळीत असलेला डीएनएचा तुकडा अशा ताळ्यात निसटतो. एका जनावराऐवजी अनेक जातींचा एकत्रित संदर्भ करावा, असा विचार त्यामुळेच पुढे आला.

साठवण : १९८२ मध्ये सुरू झालेली अमेरिकेची जेनबँक, युरोपचे ईएनए आणि जपानचे डीडीबीजे ही तीन मोठी कोठारे. अणदूरच्या खंडोबाची मूर्ती एक आणि देवळे दोन. देव वर्षातले काही महिने नळदुर्गला असतो, उरलेले अणदूरला. या कोठारांचे मात्र उलटे आहे : एकीकडे नोंद पडली की देवाणघेवाणीतून ती तिन्हीकडे पोचते आणि तिन्हीकडे कायम नांदते. भारताचे स्वतःचे कोठार, भारतीय जैविक विदा केंद्र, फरिदाबाद येथे २०२२ मध्ये सुरू झाले. ‘व्हारगोट्स’ या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाने २०२१ मध्ये १,१५९ शेळ्यांच्या संपूर्ण जीनोमचा संच जाहीर केला. कोणत्या जनुकामुळे जनावरात कोणता गुण वा दोष येतो, याची सूची सिडनी विद्यापीठाच्या ‘ओमिया’मध्ये मिळते.

साधने : यंत्रातून डीएनएचे छोटे छोटे तुकडे बाहेर पडतात. प्रत्येक जागा सरासरी ३० वेळा वाचायची तर एका शेळीमागे सुमारे ८,७६० कोटी अक्षरे जमतात. बीडब्ल्यूए हे सॉफ्टवेअर त्या तुकड्यांना संदर्भावर आपापल्या जागी बसवते, सॅमटूल्स त्यांची क्रमवारी लावते आणि जीएटीके फरक टिपते. पुढे अनेक जनावरांची तुलना करायला प्लिंक, आणि कोणाच्या रक्तात कोणत्या वंशाचा किती वाटा, हे काढायला ॲडमिक्स्चर. ही सारी साधने संशोधकांना विनामूल्य मिळतात. ज्यांच्याकडे मोठा संगणक नाही त्यांच्यासाठी गॅलॅक्सी आहे : ब्राउझरमध्ये उघडावे, काम दूरच्या संगणकावर होते.

प्लिंकमधली एक खोच नवख्याने ध्यानात ठेवावी. हे सॉफ्टवेअर मुळात माणसासाठी लिहिलेले, त्यामुळे काही न सांगितल्यास ते २२ साध्या जोड्या धरते आणि शेळीच्या २३व्या गुणसूत्राला एक्स समजते. गाय, मेंढी, कुत्रा, घोडा, अगदी भातासाठीही त्यात तयार आज्ञा आहे, शेळीसाठी नाही. २९ हा आकडा आपण सांगावा लागतो. शेळी-मेंढी सारखीच म्हणून मेंढीची आज्ञा दिली तर मेंढीच्या २६ जोड्या धरल्या जातात आणि शेळीचे २७वे गुणसूत्र एक्स ठरते. तरीही आलेख दिसायला सुबकच येतो.

सगळी साधने परदेशीच, असे मात्र नाही. प्रथिनाचा कोणता भाग शरीराची प्रतिकारशक्ती ओळखेल, याचा अंदाज बांधणारी पद्धत पुणे विद्यापीठाच्या कोळसकर आणि टोणगावकर यांनी १९९० मध्ये मांडली. ती सुमारे ७५ टक्के अचूक असल्याचे त्यांनी दाखवले. ‘एम्बॉस’ या जगभर वापरल्या जाणाऱ्या संचात ती आजही आहे, आणि लशीसाठी विषाणूंची प्रथिने तपासणारे तिचा उपयोग करतात.

उपयोग : एका अक्षराने काय होते, याचे जवळचे उदाहरण फलटणचे आहे, पण ते मेंढीचे. बंगालच्या गारोल मेंढीत ‘फेक-बी’ नावाचा जनुकीय बदल असतो. एक अक्षर बदलते, प्रथिनात ग्लुटामिनच्या जागी आर्जिनिन येते आणि मेंढीला जुळी होण्याचे प्रमाण वाढते. हे अक्षर नेमके कोणते, ते २००१ मध्ये कळले. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने हा बदल संकरातून दख्खनी मेंढीत आणला आणि ‘नारी सुवर्णा’ तयार केली. कोणत्या कोकरात तो उतरला, हे रक्ताच्या नमुन्यावरून ठरवता येते. शेळ्यांच्या बहुतेक जातींत मात्र हा बदल आढळत नाही. उस्मानाबादीच्या जुळ्यांचा उलगडा अनेक जनुकांच्या लहान लहान वाट्यांतून करावा लागतो, आणि त्यासाठी शेकडो शेळ्यांच्या वेतांच्या विश्वासू नोंदी लागतात.

मर्यादा : सगळ्यात कच्चा दुवा संगणकात नाही, नमुन्याच्या बाटलीवरच्या चिठ्ठीत आहे. डेटाबेसमध्ये नमुना भरताना जात, लिंग, वय आणि कोणत्या अवयवाचा नमुना, हे लिहावे लागते. जात लिहिणारा बहुधा विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबतो. बाजारात काळी दिसणारी प्रत्येक शेळी उस्मानाबादी म्हणून खपते. तिच्यात दुसऱ्या जातीचे रक्त असले तरी चिठ्ठीवर उस्मानाबादीच येते. ॲडमिक्स्चर असे मिश्रण दाखवू शकते, पण जवळ ठेवलेले ‘शुद्ध’ नमुनेच मिश्र असतील तर तेही फसते. म्हणून नमुना घेताना गाव, कळप, आईबाप आणि आधीची वेते लिहून ठेवणे हे महागड्या यंत्राइतकेच मोलाचे आहे. ही माहिती धनगराला आणि शेळी पाळणाऱ्या बाईला तोंडपाठ असते. डेटाबेसच्या रकान्यात ती क्वचितच उतरते.

शोध घेताना जातीचे नाव ‘उस्मानाबादी’ असेच टाकावे. जिल्हा आता धाराशिव झाला आहे. शेळीची नोंद जुन्याच नावाने आहे.