ताऱ्यांचे फोटो धूसर का येतात? लॅपटॉपवरून कॅमेऱ्याचा फोकस कसा जुळवायचा?

ऑक्टोबर २०२४ च्या मध्यात त्सुचिनशान-ॲटलास हा धूमकेतू सूर्यास्तानंतर पश्चिमेला दिसत होता. त्या दिवसांत अनेकांनी गच्चीवर, धरणाच्या भिंतीवर, गावाबाहेरच्या वावरात ट्रायपॉड लावले. धूमकेतू क्षितिजाखाली जाण्याआधी फोटोसाठी मिळणारा वेळ थोडाच होता. कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर फोटो छान दिसतो. घरी येऊन लॅपटॉपवर उघडला की कळते, तारे ठिपक्यांसारखे नाहीत, ज्वारीच्या दाण्यांसारखे फुगलेले आहेत. धूमकेतूची शेपटीही पुसट झालेली असते. तो धूमकेतू आपल्या हयातीत परत येणार नाही.

आकाशाच्या फोटोत एक्स्पोजर थोडे चुकले तर रॉ फाइलमधून बरेच सावरता येते, रंग सुधारता येतो. फोकस चुकला तर मात्र उपाय नसतो. म्हणूनच अमरावती, अकोला किंवा वऱ्हाडात कुठूनही आकाशाचे फोटो काढणाऱ्याने आधी फोकस शिकावा. साधा डीएसएलआर, एक यूएसबी केबल आणि मोफत सॉफ्टवेअर एवढ्यावर हे काम होते.

ऑटोफोकस रात्री का चालत नाही?

ऑटोफोकसला उजेड-अंधाराची ठळक सीमा लागते. काळ्या आकाशात ती सापडत नाही. लेन्स पुढे-मागे फिरत राहते आणि शेवटी भलतीकडेच थांबते.

मग बरेच जण लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर, म्हणजे आडव्या आठच्या खुणेवर, रिंग नेऊन ठेवतात. तेही पुरत नाही. तापमानाप्रमाणे लेन्सचे भाग थोडे प्रसरण-आकुंचन पावतात, म्हणून बहुतेक ऑटोफोकस लेन्स अनंताच्या थोड्या पलीकडेही फिरतील अशा बनवलेल्या असतात. रिंग शेवटपर्यंत फिरवली म्हणजे फोकस झाला, असे होत नाही. स्वस्त किट लेन्सवर तर ही खूणच नसते.

किती चूक चालते?

तारा इतका दूर असतो की त्याची प्रतिमा एक बिंदूच असायला हवी. लेन्समधून येणारा प्रकाश शंकूसारखा निमुळता होत सेन्सरवर मिळतो. सेन्सर त्या टोकाच्या किंचित पुढे-मागे असेल तर बिंदूची चकती होते.

हिशेब सोपा आहे. फोकस जितका चुकला, त्याला एफ-आकड्याने भागा. चकतीचा व्यास मिळतो. समजा एफ/२.८ वर फोकस ०.०५ मिलिमीटर चुकला. ही चूक केसाच्या जाडीहूनही कमी आहे. चकती होईल साधारण ०.०१८ मिलिमीटरची. २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी कॅमेऱ्यात एक पिक्सेल सुमारे ०.००३७ मिलिमीटरचा असतो. म्हणजे चकती पाच पिक्सेल रुंद झाली आणि एका ताऱ्याचा प्रकाश जवळपास वीस पिक्सेलमध्ये वाटला गेला. ठळक तारा तरीही दिसेल, फक्त जाड होईल. मंद तारे मात्र आकाशाच्या उजेडात विरून जातील. आकाशगंगेचा पट्टा धुरकट दिसतो त्यामागे अनेकदा हेच कारण असते आणि दोष मात्र आकाशाला दिला जातो.

सॉफ्टवेअर नेमके काय करते?

कॅमेरा केबलने लॅपटॉपला जोडला की तीन गोष्टी सोप्या होतात.

पहिली, मोठा पडदा. कॅमेरा डोक्यावरच्या आकाशाकडे असताना मान वाकडी करून मागे बघावे लागत नाही.

दुसरी, कॅमेऱ्याला हात लागत नाही. ऑटोफोकस लेन्समधली मोटर लॅपटॉपवरून अगदी बारीक पावलांनी हलवता येते. हाताने रिंग फिरवताना सगळे चित्र थरथरते. इथे ते होत नाही.

तिसरी आणि सर्वात उपयोगाची, आकडा. डोळ्याला ‘बरे दिसते’ आणि ‘अचूक आहे’ यातला फरक कळत नाही. सॉफ्टवेअर ताऱ्याची रुंदी मोजते. ‘एफडब्ल्यूएचएम’ म्हणजे ताऱ्याची चमक जिथे निम्मी होते तिथली त्याची रुंदी. ‘एचएफडी’ म्हणजे ताऱ्याचा निम्मा प्रकाश ज्या वर्तुळात मावतो त्याचा व्यास. दोन्हींचा नियम एकच, आकडा जितका लहान तितका फोकस चांगला.

कोणते सॉफ्टवेअर घ्यावे?

- कॅनन: कंपनीचे ‘ईओएस युटिलिटी’ मोफत आहे. लाइव्ह व्ह्यू, झूम आणि लेन्स हलवण्याची बटणे त्यात आहेत. ताऱ्याची रुंदी मात्र ते मोजत नाही.
- निकॉन: ‘डिजिकॅमकंट्रोल’ हे विंडोजवरचे मोफत सॉफ्टवेअर बऱ्याच निकॉन आणि काही कॅनन कॅमेऱ्यांना चालते. निकॉनचे ‘एनएक्स टेदर’ निवडक मॉडेलनाच चालते.
- सोनी: ‘इमेजिंग एज डेस्कटॉप’.
- खास खगोल-छायाचित्रणासाठी: ‘नीना’ मोफत आणि मुक्तस्रोत आहे. ‘एपीटी’ आणि ‘बॅकयार्ड ईओएस’ हेही प्रचलित आहेत. ही सॉफ्टवेअर ताऱ्याची रुंदी आकड्यात दाखवतात. लिनक्स वापरणाऱ्यांसाठी ‘केस्टार्स’मधले ‘इकोस’ आहे.

आपला मॉडेल यादीत आहे का, हे घरीच तपासा. केबलही घरीच लावून बघा. फक्त चार्जिंगची केबल असेल तर कॅमेरा लॅपटॉपला दिसणारच नाही. यूएसबी २.० ची केबल पाच मीटरपेक्षा लांब घेऊ नका. काही कॅमेऱ्यांत वाय-फाय चालू असेल तर यूएसबी बंद होते, तेही बघून ठेवा.

पायरी-पायरीने कृती

१. काम सुरू करण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी कॅमेरा बॅगेतून काढून बाहेर ठेवा. तो हवेच्या तापमानाला येऊ द्या.

२. ट्रायपॉड घट्ट लावा. लेन्सचे इमेज स्टॅबिलायझेशन बंद करा. कॅमेऱ्याचे आपोआप बंद होणेही बंद करा. झूम लेन्स असेल तर आधी झूम पक्का करा, कारण झूम बदलला की फोकसही बदलतो.

३. कॅमेरा मॅन्युअल मोडवर, लेन्सचे छिद्र पूर्ण उघडे, आयएसओ १६०० ते ६४००.

४. ठळक तारा निवडा. दिवाळीच्या सुमारास संध्याकाळी पश्चिमेकडे अभिजित, हिवाळ्यात ब्रह्महृदय, रोहिणी किंवा व्याध, उन्हाळ्यात स्वाती किंवा चित्रा. तारा क्षितिजाजवळ नको, तिथे हवेमुळे तो फार लुकलुकतो. वऱ्हाडातून व्याध सर्वात उंच असतो तेव्हा सुमारे ५२ अंशांवर असतो; ती वेळ चांगली.

५. लॅपटॉपवर लाइव्ह व्ह्यू सुरू करा, ताऱ्यावर चौकट न्या आणि दहापट मोठे करा. काहीच दिसत नसेल तर फोकस फार दूर आहे. रिंग सावकाश फिरवा, आधी मोठी फिकट चकती दिसेल.

६. आता सॉफ्टवेअरची फोकस बटणे वापरा. ईओएस युटिलिटीत मोठे, मध्यम आणि बारीक असे तीन टप्पे असतात. त्यासाठी लेन्सवरचा खटका ‘एएफ’वर असावा लागतो, ‘एमएफ’वर ही बटणे चालत नाहीत. मोठ्या टप्प्याने जवळ जा, मग बारीक टप्प्याने तारा लहान होताना बघा.

७. तारा सर्वात लहान झाला असे वाटले तरी थांबू नका. पुढे जाऊ द्या. तो पुन्हा मोठा होऊ लागला की मग परत या. दोन्ही बाजू पाहिल्याशिवाय मधला बिंदू कळत नाही. गिअरमध्ये थोडी ढिलाई असते, म्हणून शेवटची हालचाल नेहमी एकाच दिशेने करा.

८. पाच-दहा सेकंदांचा फोटो काढा आणि पूर्ण मोठा करून मंद तारे बघा. मंद तारे ठिपक्यासारखे दिसले तर काम झाले.

९. लेन्सचा खटका हळूच ‘एमएफ’वर न्या. रिंगवर कागदी चिकटपट्टी लावा. त्यानंतर पुन्हा एक फोटो काढून खात्री करा, कारण खटका दाबतानाही रिंग हलू शकते.

आकडा वर-खाली होत असेल तर

सॉफ्टवेअर एकदा ३.१, मग ३.६, मग ३.० असे दाखवते आणि नवीन माणूस गोंधळतो. यात बिघाड काही नाही, वातावरणातली हवा हलते आहे. प्रत्येक जागी तीन-चार फोटो घ्या आणि सरासरी धरा. मोजायला अतिठळक तारा घेऊ नका. त्याचा मधला भाग पूर्ण पांढरा होतो आणि मोजमाप फसते. मध्यम तेजाचा तारा घ्या.

या सरासऱ्यांचा आलेख काढला तर इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा आकार येतो. त्याचे खालचे टोक म्हणजे फोकस. दुर्बिणीला फोकसची मोटर जोडली असेल तर नीना किंवा इकोस हा आलेख स्वतः काढतात आणि मोटर नेमकी तळाशी नेऊन ठेवतात.

बाह्तिनोव्ह जाळी: आकड्यांशिवायचा उपाय

रशियातील हौशी खगोल निरीक्षक पावेल बाह्तिनोव्ह यांनी २००५ मध्ये एक साधी जाळी तयार केली. तीन दिशांना समांतर फटी असलेली ही चकती लेन्ससमोर धरली की ठळक ताऱ्याला तीन रेषा फुटतात. दोन रेषांची फुली होते, तिसरी रेषा फोकसप्रमाणे सरकते. ती बरोबर फुलीच्या मधून गेली की फोकस जुळला. काही सॉफ्टवेअर ही रेषा किती पिक्सेल बाजूला आहे तेही सांगतात.

जाड काळ्या पुठ्ठ्याची जाळी घरी कापता येते, पण लेन्स बघून. एक पट्टी आणि एक फट मिळून रुंदी फोकल लेंथच्या साधारण दीडशेव्या भागाइतकी ठेवतात. २०० मिलिमीटरच्या लेन्सला ती सुमारे १.३ मिलिमीटर येते, कटरने जमते. ५० मिलिमीटरला ०.३३ मिलिमीटर येते, ते हाताने होणार नाही. लहान लेन्ससाठी लाइव्ह व्ह्यू आणि आकडाच बरा. काम झाल्यावर जाळी काढायला विसरू नका. विसरलात तर रात्रभराच्या प्रत्येक ताऱ्याला तीन रेषा येतील.

दूरच्या दिव्यावर फोकस केला तर चालेल का?

लेन्सवर अवलंबून आहे. १८ मिलिमीटरच्या लेन्सला एक किलोमीटरवरचा मोबाइल टॉवरचा दिवा चालतो. तिच्यासाठी शे-दोनशे मीटरपलीकडचे सगळे जवळपास अनंतच. २०० मिलिमीटरच्या लेन्सला मात्र तोच दिवा चुकीचा फोकस देतो. तिथे ताराच हवा.

वऱ्हाडातल्या थंडीत फोकस का सरकतो?

आपल्याकडे हिवाळ्यात दुपारी ऊन आणि पहाटे कडाका असतो. ॲल्युमिनियम दर अंशाला, दर मीटरमागे सुमारे ०.०२३ मिलिमीटर आकसते. ४० सेंटिमीटर लांबीची दुर्बिणीची नळी असेल आणि रात्रभरात तापमान १० अंश उतरले, तर ती ०.०९ मिलिमीटरने आखूड होते. एफ/५.६ वर फोकसची खपून जाणारी मर्यादा साधारण ०.०८ मिलिमीटर आहे. म्हणजे संध्याकाळी अचूक असलेला फोकस पहाटे बिघडलेला असू शकतो, कुणी हात लावलेला नसतानाही.

म्हणून दर तासाला, किंवा हवा तीन-चार अंश थंड झाल्यावर, फोकस पुन्हा तपासा. काही लेन्समध्ये रिंग थेट भिंगाला जोडलेली नसते, ती विजेवर चालते. अशी लेन्स कॅमेरा बंद-चालू केला की जागा विसरू शकते. बॅटरी बदलल्यावर फोकस तपासायलाच हवा.

आणि दव. धरणाकाठी किंवा ओलिताच्या शेताजवळ मध्यरात्रीनंतर लेन्सवर ओल धरते. फोकस गेला असे वाटते, खरे तर काच धुरकटलेली असते. आधी टॉर्चने काच बघा, मग रिंगला हात लावा. पॉवर बँकेवर चालणारा लेन्स गरम ठेवणारा पट्टा यावर उपयोगी पडतो.

कुठे जायचे?

सुमारे १,१०० मीटर उंचीवरचे चिखलदरा हे वऱ्हाडातले सोयीचे ठिकाण. परतवाडा-अचलपूर आणि अमरावती तिथून आग्नेयेला येतात, त्या क्षितिजावर दिव्यांचा उजेड असतो. आकाशगंगेचा मध्यभाग तिथून दक्षिणेला सुमारे ४० अंश उंच येतो. मेच्या मध्यात पहाटे अडीचच्या सुमारास. तोपर्यंत थांबलात तर तो उजेड बाजूला राहतो. मेळघाटच्या जंगलात रात्री मोकळे फिरता येत नाही आणि फिरूही नये. मुक्कामाच्या आवारातूनच फोटो काढा.

विदर्भातच नागपूर जिल्ह्यातला पेंच व्याघ्र प्रकल्प जानेवारी २०२४ मध्ये भारतातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ ठरला. पण शिकायला दूर जायची गरज नाही. फोकसचा सराव अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या गच्चीवरही होतो, कारण ठळक तारे शहरातूनही दिसतात.

लॅपटॉपच्या पडद्यावर लाल जिलेटीन कागद लावा, म्हणजे डोळे अंधाराला सरावलेले राहतात आणि शेजारी फोटो काढणाऱ्यालाही त्रास होत नाही.

थोडक्यात

- अनंताच्या खुणेवर विसंबू नका, खऱ्या ताऱ्यावर फोकस करा.
- डोळ्यापेक्षा आकड्यावर भरवसा ठेवा. तोही तीन-चार फोटोंच्या सरासरीवर.
- सर्वात लहान बिंदूच्या पलीकडे जाऊन परत या.
- दर तासाला, आणि बॅटरी बदलल्यावर, फोकस पुन्हा तपासा.
- फोटो दहापट मोठा करून बघितल्याशिवाय सामान आवरू नका.

दरवर्षी १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतून उल्कावर्षाव होतो. उल्का दिसल्यावर फोकस करायला वेळ मिळत नाही. त्याआधी दोन-चार रात्री गच्चीवर सराव करा आणि त्या रात्री अंधार पडताच फोकस जुळवून तयार राहा.