७. बर्जर आयोग

कॅनडातील मॅकेन्झी खोऱ्यातून नैसर्गिक वायूची वाहिनी कोणत्या अटींवर न्यावी, हे तपासण्यासाठी १९७४ मध्ये नेमलेला सरकारी चौकशी आयोग. न्यायमूर्ती थॉमस बर्जर यांनी ३५ वस्त्यांत, गावच्या सभागृहांपासून मासेमारीच्या तळांपर्यंत, सुनावण्या घेतल्या. देने, इनुइट, मेती या मूळ रहिवासी समाजांतले शिकारी नि म्हाताऱ्याकोताऱ्या बायकाही तिथे बोलल्या. रेडिओवरून रोजचा वृत्तान्त त्यांच्याच भाषांत घरोघरी पोचे.

आयोगाने १९७७ च्या अहवालात वाहिनीला ‘दहा वर्षांचा थांबा’ सुचवला. उत्तर युकॉनमधून वाहिनी नकोच आणि खोऱ्यातही जमीनहक्कांचे दावे आधी मिटवा, असे त्यात निःसंदिग्ध बजावले होते. सरकारी अहवालात असे धैर्य विरळाच.

पुढे इनुव्हियालुइट (१९८४) आणि ग्विचिन (१९९२) या मूळ रहिवासी समाजांशी जमीन-करार झाले. वाहिनी मात्र झालीच नाही.