फासळ्यांमागचा पू

पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समधून १९५५ पासून पेनिसिलिन निघू लागलं. पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या, दौंड तालुक्यातल्या भांडगावासारख्या खेड्यांना हा कारखाना जिल्ह्यातलाच. तरी तिथल्या पोरांच्या छातीत पू होणं त्याने संपलं नाही, आणि नुसत्या औषधाने ते संपणारही नव्हतं. न्यूमोनियाचे जंतू फुफ्फुसाच्या आवरणात उतरले की आधी पातळ पाणी साचतं, मग ते दाटतं, जाळ्या धरून कप्पे पडतात आणि शेवटी फुफ्फुसावर जाड साल चढते. तिथवर गेलेल्या पोराला इंजेक्शन पुरत नाही. फासळ्यांमधून नळी घालून पू काढावा लागतो. हे हिप्पोक्रेटिसलाही ठाऊक होतं. नळीचं टोक बाटलीतल्या पाण्यात बुडवून ठेवायची युक्ती एकोणिसाव्या शतकात जर्मन डॉक्टर ब्यूलाऊंनी रूढ केली. आजही वॉर्डात खाटेशेजारी ती बाटली असते. श्वासागणिक नळीतलं पाणी वरखाली होतं. ते थांबलं, तर एकतर नळी तुंबलेली असते नाहीतर फुफ्फुस फुललेलं असतं.

या दुखण्याचा इतिहास म्हणूनच औषधांचा कमी आणि पोर दवाखान्यात उशिरा पोचण्याचा जास्त आहे. उशीर अंतरामुळे झाला म्हणावं, तर पुण्याहून दौंडकडे जाणारी रेल्वे १८५८ ची आणि पुण्यातलं ससून रुग्णालय १८६७ चं. म्हणजे गाडी दवाखान्याच्या आधीच आली होती. मग आयांचा अडाणीपणा? महाराष्ट्राच्या काही भागांत पोराच्या पोटावर डाग दिले जात, हे खरंच. पण धापा टाकणाऱ्या पोराचं ‘पोट उडतंय’ म्हणणाऱ्या बाईने निदान बरोबरच केलेलं असे. चुकत होता तो उपाय, कारण दुसरा हाताशी नव्हता. याचा पुरावा गडचिरोलीत मिळाला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८८ पासून गावातल्याच माणसांना न्यूमोनिया ओळखून औषध द्यायला शिकवलं. शेजारच्या तुलनेच्या गावांपेक्षा तिथे न्यूमोनियाचे बालमृत्यू निम्म्याहून कमी झाले. गावच्या माणसाच्या हाती आरोग्य सोपवायचा हाच विचार डॉ. बानू कोयाजींनी सत्तरच्या दशकात शिरूर तालुक्यातल्या वढूला आणला होता.

आता लस आली, मग हा इतिहास मिटला असंही म्हणता येईल. न्यूमोकोकसची लस २०२१ मध्ये देशभरच्या सरकारी लसीकरणात आली. पुण्यातली सीरम इन्स्टिट्यूटही ती बनवते. तिने न्यूमोनिया घटेल, त्यामुळे पूही घटेल. पण आपल्याकडे पोरांच्या छातीत पू करणाऱ्यांत स्टॅफिलोकोकसचा वाटा मोठा आहे. त्याच्यावर लस नाही, आणि पिंपरीच्या जुन्या पेनिसिलिनला तो केव्हाच दाद देईनासा झाला आहे.