ऑलिव्ह तेल : नाव, गाव आणि प्रत

मराठीतील ‘तेल’ हा शब्द संस्कृत ‘तैल’ या शब्दापासून आला, आणि ‘तैल’ म्हणजे मुळात तिळापासून निघालेला स्नेह. पुढे करडई, खोबरे, भुईमूग यांच्या स्नेहालाही तेच नाव मिळाले. इतके की ‘तिळाचे तेल’ ही द्विरुक्ती आहे, हे आज कोणाच्या ध्यानीही येत नाही. भूमध्य समुद्राच्या परिसरात हाच अर्थविस्तार ऑलिव्हच्या बाबतीत घडला. ग्रीक भाषेत ‘एलाइया’ हे झाडाचे व ‘एलाइऑन’ हे तेलाचे नाव. त्यावरून लॅटिन ‘ओलेउम’ आला, आणि त्याच वंशातील इंग्रजी ‘ऑइल’ अखेर खनिज तेलासही लागू झाला. नाव असे व्यापक झाले म्हणजे ते वस्तूचे मूळ सांगेनासे होते. मग तेल कोठले आणि कसे काढलेले, हे निराळ्या खुणांनी सांगावे लागते. ऑलिव्ह तेलाच्या इतिहासात या खुणा कशा निर्माण झाल्या, हा प्रस्तुत निबंधाचा विषय होय.

या तेलाच्या सर्वांत जुन्या ग्रीक नोंदी लिनिअर बी लिपीतील मृत्तिकापट्टांवर आढळतात. इ. स. १९५२ मध्ये मायकेल व्हेंट्रिस यांनी या लिपीचा उलगडा केला. तीत तेलाच्या नावात ‘व’कार स्पष्ट दिसतो. अभिजात ग्रीकमध्ये तो लोपला; लॅटिन ‘ओलिवा’ या रूपात मात्र टिकला. अर्थात ग्रीकांच्या उच्चारात ‘व’ शिल्लक असतानाच रोमकांनी हा शब्द उचलला असला पाहिजे. पायलॉस येथील पट्टांवर सुगंधित तेल कोणत्या देवस्थानास दिले, याच्या नोंदी आहेत. तेथे तेल राजवाड्याच्या भांडारातलेच होते. ते कोठले, अशी शंका घेणारा गिऱ्हाईक समोर नव्हता.

रोमन काळात हा गिऱ्हाईक अवतरला. कोलुमेल्ला या इ. स. पहिल्या शतकातील कृषिलेखकाने पहिल्या दाबाचे तेल दुसऱ्या व तिसऱ्या दाबाच्या तेलात मिसळू नये, असे बजावले आहे. हलक्या दाबाने निघालेले तेल चवीला सरस, हे त्याचे कारण. त्याच शतकातील प्लिनीने तेलांचा क्रम लावताना इटलीतील व्हेनाफ्रुमला अग्रमान देऊन इस्त्रिया व स्पेनमधील बेटिका यांना त्यानंतर बरोबरीने बसविले. एकाने तेल काढण्याची रीत पाहिली, दुसऱ्याने भूमी पाहिली. या दोन कसोट्या परस्परांहून भिन्न आहेत, हे येथे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे.

भूमीची साक्ष कशी नोंदवीत, हे रोम शहरातील मोन्ते तेस्ताच्चो या टेकडीवरून कळते. सुमारे ३५ मीटर उंचीची ही टेकडी निव्वळ फुटक्या मातीच्या कुंभांची आहे. त्यांतील बहुसंख्य कुंभ बेटिकातील तेलाचे. रिकाम्या कुंभाचे वजन सुमारे ३० किलो आणि त्यात मावणारे तेल सुमारे ७० किलो. तेल मुरलेला कुंभ पुन्हा उपयोगी पडत नसल्यामुळे तो फोडून टाकीत. हेन्रिक ड्रेसेल यांनी इ. स. १८७२ पासून या खापरांवरील शाईचे लेख वाचण्यास आरंभ केला. रिकाम्या कुंभाचे वजन, तेलाचे वजन, व्यापाऱ्याचे नाव, तपासणी झालेला जिल्हा आणि त्या वर्षीचे कॉन्सल असा तपशील त्यांत सापडतो. हिस्पालिस, कोर्दुबा व आस्तिगी, म्हणजे आजची सेव्हिल, कोर्दोबा व एसिहा, ही नावे तेथे येतात.

प्रतीची साक्ष इ. स. ३०१ मधील डायोक्लेशियनच्या दरपत्रकात मिळते. सुमारे अर्ध्या लिटरच्या मापास ‘तेलाचे फूल’ या उत्तम प्रतीचा कमाल दर ४० दिनार, दुय्यम प्रतीचा २४ आणि साध्या खाद्यतेलाचा १२.

बेटिकाच्या भूमीवर पुढे अरबांचे राज्य आले. स्पॅनिशमध्ये झाड ‘ओलिवो’ हे लॅटिन नावच धारण करून राहिले; पण फळास ‘आसेइतुना’ व तेलास ‘आसेइते’ ही अरबी नावे रूढ झाली. फारसीच्या द्वारे भारतात आलेले ‘जैतून’ याच अरबी कुळातील. राज्य व भाषा बदलली, तरी कोर्दोबाच्या परिसरात ऑलिव्ह आजही पिकते.

आजची ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’ ही संज्ञा कोलुमेल्लाच्या परंपरेतील आहे. फळांतून केवळ यांत्रिक रीतीने, रसायनांवाचून काढलेले, १०० ग्रॅममध्ये ०·८ ग्रॅमहून अधिक मुक्त आम्ल नसलेले व तज्ज्ञांच्या चव-परीक्षेत निर्दोष ठरलेले तेल, एवढाच तिचा अर्थ. गावाविषयी ती मौन पाळते. हे मौन भरून काढण्यासाठी युरोपात इ. स. १९९२ मध्ये मूळस्थानाच्या नावांना कायद्याचे संरक्षण मिळाले आणि इ. स. २००९ पासून अशा तेलावर उगमदेशाचा निर्देश सक्तीचा झाला. फळे एका देशातील व घाणा दुसऱ्या देशातील असल्यास दोहोंचाही उल्लेख करावा लागतो.

यावरून ‘स्थानिक तेल’ या शब्दप्रयोगात तीन स्वतंत्र विधाने दडलेली असतात, असे म्हणावे लागते : फळ येथले, घाणा येथला आणि प्रत उत्तम. यांपैकी एक सिद्ध झाले म्हणून उरलेली दोन सिद्ध होत नाहीत. आपल्या डोळ्यांदेखत फिरणाऱ्या घाण्याचे तेल नेणाऱ्यास लेखाची गरज नसते. तेल दूर गेले की अक्षरांवाचून गत्यंतर नसते. आणि अक्षरे खोटी ठरली, तर खरा माल पिकविणारा शेतकरीच प्रथम बुडतो. कुंभ सीलबंद करण्यापूर्वी त्यावर जिल्ह्याचे नाव घालणाऱ्या बेटिकातील लेखनिकाचे काम म्हणूनच किरकोळ मानता येत नाही.