बर्फाखालची रेघ

मागच्या वर्षी ऑनसाईट असताना, जानेवारीतल्या एका सकाळी डेट्रॉईटमध्ये मी एका पिकअपला गाडी घासली. एका बाजूला तीन लेन असलेला रस्ता, रात्रभर बर्फ पडलेला, रेघ एकही दिसत नव्हती. लोकांनी मुकाट्याने तीनच्या दोन लेन केल्या होत्या आणि पुढच्याच्या चाकोरीत चाक ठेवून हळूहळू चालले होते. मी मात्र रोजच्या सवयीने पाठ झालेली मधली लेन धरून बसलो. लेन तिथेच आहे की, फक्त स्क्रीनवर दिसत नाहीये! पिकअप 'माझ्या' लेनमध्ये अर्धा होता. मी ब्रेक दाबला, गाडी घसरली आणि खर्रर्र...

पोलिसाने विचारलं, "लेन दिसत होती?" म्हटलं, नाही. "मग ती तुमची होती हे कशावरून?"

हा प्रश्न काही डोक्यातून जाईना. शेवटी शनिवारी बसून शोधलं, की ही रेघ मुळात आली कुठून. तर निघाली त्याच वेन काउंटीतून! १९०६ साली तिथे रस्ते मंडळ स्थापन झालं. पहिल्या सभासदांत खुद्द हेन्री फोर्ड होता आणि एडवर्ड हाइन्स नावाचा सायकलप्रेमी गृहस्थही. याच मंडळाने १९०९ मध्ये वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर एक मैल काँक्रीटचा रस्ता केला. पुढे १९११ मध्ये हाइन्सने रिव्हर रोडच्या मधोमध रेघ मारून घेतली. दुधाच्या गाडीतून सांडलेली धार पाहून त्याला ते सुचलं म्हणतात. खरं-खोटं देव जाणे.

त्याहून मजेशीर गोष्ट उत्तर मिशिगनमधल्या मार्केटची. तिथल्या केनेथ सॉयर या इंजिनिअरने १९१७ मध्ये 'डेड मॅन्स कर्व्ह' नावाच्या वळणावर पांढरी रेघ मारली. (त्याच साली कॅलिफोर्नियात डॉ. जून मॅकॅरोल यांनीही मारली, पण त्यांच्या वाळवंटात बर्फ कुठला!) सॉयरच्या त्या भागात वर्षाला सरासरी २०० इंचांच्या आसपास बर्फ पडतो. म्हणजे पांढऱ्या बर्फात बुडणाऱ्या रस्त्यावर पांढरी रेघ! तरी त्याने ती मारली, कारण उरलेले महिने माणसं वळणावर मरत होती.

आता कायदा बघा. मिशिगनचा लेनचा नियम 'स्पष्ट आखलेल्या' लेनसाठी आहे, आणि त्यातही 'शक्य तितकं' एकाच लेनमध्ये राहा एवढंच म्हटलंय. बर्फाखालची लेन स्पष्ट आखलेली म्हणायची का, यावर वकील हवं तेवढं भांडोत. वेगाचा नियम मात्र रेघेवर अवलंबूनच नाही. रस्त्याची अवस्था बघून चालवा, आणि समोर जेवढं मोकळं अंतर खात्रीने दिसतं तेवढ्यात थांबता येईल इतकाच वेग ठेवा. हाइन्सच्या आधी टांगेवाले एकमेकांकडे बघून वाट काढायचे; बर्फ पडला की आपण पुन्हा तिथेच. त्या सकाळी एकमेकांकडे न बघणारा मी एकटाच होतो.

मला मिळालेल्या चलानावर लेनचा उल्लेखही नव्हता, परिस्थितीच्या मानाने जास्त वेग एवढंच होतं. मिशिगनमध्ये १९७३ पासून 'नो-फॉल्ट' विमा आहे. चूक कुणाचीही असो, दुखापतीचा खर्च ज्याचा-त्याचा विमा देतो. पण गाडीचं थोडंफार नुकसान चूक करणाऱ्याकडून मागता येतं, आणि जुलै २०२० पासून त्याची मर्यादा ३,००० डॉलर आहे. पिकअपवाल्याने मागितलं, मी वाद न घालता दिलं. नंतरचे दोन महिने पुढच्याच्या चाकोरीतून गेलो, कुणाच्या का लेनमध्ये असेना.