जामीन कोण?

जुन्या पेढीवर नोकरीला लागायचे तर अर्ज लिहावा लागत नसे. कोणीतरी मुलाला हाताला धरून गादीपुढे नेऊन बसवायचे, आणि शेटजींचा प्रश्न ठरलेला असे: कोणाचा? बापाचे, मामाचे, मूळ गावाचे नाव ओळखीचे निघाले की पोरगा आत. मग कोऱ्या वहीला घड्या घालून सळ पाडणे, दौत भरून ठेवणे, वसुलीच्या निरोपांसाठी हिंडणे. काही वर्षांनी रोजकीर्द हातात येई, त्यानंतर खतावणी, आणि नशीब असेल तर पुढे कधीतरी मुनिमाची बैठक. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, पैशाच्या धंद्यातल्या माणसांचा इतिहास लिहायचा तर त्याचे सूत्र या ‘कोणाचा’मध्ये सापडते. या शहरात हिशेब येणाऱ्यांची कधी वाण नव्हती. तोटा होता तो जामिनाचा. दुसऱ्याच्या पैशाला हात लावू द्यायचा तर त्या माणसाची हमी कोण घेणार? या प्रश्नाचे उत्तर जेव्हा जेव्हा बदलले तेव्हा तेव्हाच हा पेशा नव्या माणसांना खुला झाला. शहरात पैसा वाढला म्हणून तो कधी खुला झाला नाही.

पैसा तर येथे फार लवकर आला. मलिक अंबरने 1610 मध्ये खडकी वसवली आणि 1653 मध्ये औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार होऊन आल्यावर तिचे औरंगाबाद झाले. मोगल फौजेतल्या राजपूत सरदारांचे तळ येथे पडले: बिकानेरच्या करणसिंहाच्या नावाचा कर्णपुरा, पदमसिंहाचा पदमपुरा, मिर्झाराजांचा जयसिंगपुरा ही नावे आजही रिक्षावाल्याच्या तोंडी आहेत. एवढी मोठी छावणी म्हणजे पगार, रसद आणि दूरदेशी पैसा पोचवण्याची निकड. नाणी पारखणारे सराफ, हुंड्या लिहिणारे सावकार आणि त्यांचे गुमास्ते यांचे पोट या निकडीवर चाले. दर्शनी हुंडी दाखवताक्षणी वटायची, मुदती हुंडी ठरल्या दिवशी. मधल्या व्यवहाराची हुंडणावळ सावकाराची. पण अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात निजाम अलीने दरबार हैदराबादला नेला आणि मोठ्या उलाढालीचे केंद्रही त्याच्यामागे गेले. सत्तेपाठोपाठ भांडवल जाते, ही गोष्ट या शहराने तेव्हाच पाहिली.

एकोणिसाव्या शतकातले पेस्तनजींचे उदाहरण तर डोळ्यांत भरण्यासारखे आहे. विकाजी आणि पेस्तनजी मेहेरजी या पारशी बंधूंच्या पेढीने 1825-26 मध्ये वऱ्हाडातून मुंबईला कापसाची पहिली मोठी खेप धाडली: पाचशे बैलांवर लादलेला सुमारे 1,20,000 पौंड कापूस. पुढे या पेढीने निजाम सरकारला कर्ज दिले, त्या बदल्यात मुलखाचा वसूल पदरात पाडून घेतला, आणि औरंगाबादच्या टांकसाळीत पाडलेला रुपया ‘पेस्तनशाही’ म्हणून ओळखला जाऊ लागला. सावकाराच्या नावाने नाणे चालणे, याहून मोठी पत ती कोणती? पण ही सगळी पत हैदराबादच्या दरबारातल्या राजा चंदुलालवर टेकलेली होती. 1843 मध्ये चंदुलाल पायउतार झाला आणि थोड्याच वर्षांत वसुलीचे मुलूख पेढीच्या हातून गेले, पेढीही बुडाली. एवढ्या मोठ्या व्यवहाराला जामीन एकच होता, आणि तोच गेला. इतक्या वर्षांच्या उलाढालीतून शहरात मागे राहिला तो नाणेसंग्राहकांच्या आवडीचा एक रुपया. पेशा म्हणावा असे काही राहिले नाही.

यावर कोणी म्हणेल की पेढीवाल्यांना जातीगोतीचे म्हणून नावे ठेवणे सोपे आहे. कोर्ट नाही, पोलीस नाही, अशा काळात नात्यातला माणूस ठेवण्यातच शहाणपण होते. गुमास्ता रोकड घेऊन पळाला तर त्याच्या बापाला पंचायतीत बसवता येई, परक्याच्या मागे कोठे धावणार? हा युक्तिवाद मला बराचसा पटतो. निजामी मुलखात कर्ज वसूल करायला अरब आणि रोहिले ठेवावे लागत, यावरूनच कायद्याची कुवत कळते. बडोद्याला तर गायकवाडांच्या दरबारात अरब सरदारच हमी घेत. त्या व्यवस्थेला ‘बहांदरी’ म्हणत, आणि ती 1802 मध्ये कंपनी सरकारने आपल्याकडे घेतली. म्हणजे राजालासुद्धा जामीन लागत होता. तरीही हा युक्तिवाद पुरता टिकत नाही, कारण याच दख्खनेत रक्ताच्या नात्याशिवाय चालणारी मोठी सावकारी होती: गोसाव्यांची. पुण्यापासून हैदराबादपर्यंत गोसावी महंत सावकारी करत आणि त्यांची गादी मुलाकडे न जाता चेल्याकडे जाई. चेला निवडून घेतलेला, वर्षानुवर्षे पारखलेला. तेव्हा जामीन रक्ताचाच हवा असे काही नव्हते. विश्वास घडवण्याची कोणतीतरी रीत हवी होती. गोसाव्यांची रीत मठापुरती राहिली, एवढेच.

दार बंद ठेवणारी दुसरी गोष्ट लिपी. मराठी हिशेब मोडीत, मारवाडी पेढीचा महाजनीत, सरकारी कागद आधी फारसीत आणि 1884 नंतर उर्दूत. महाजनीत काना-मात्रा बहुधा गाळत, म्हणून ‘अजमेर गए’ हे ‘आज मर गए’ असे वाचून घरात रडारड झाल्याचा विनोद उत्तरेत सांगतात. विनोद म्हणून ठीक. पण संदर्भ ठाऊक असलेल्यालाच वाचता येणारी लिपी हे फार भक्कम कुलूप असते. ज्याला शाळेत शिकवत नाहीत ते शिकायला पेढीतच जावे लागते, आणि पेढीत जायला ‘कोणाचा’ हे आडवे येते.

त्यात निजामी राज्यात नाणे दोन तऱ्हेचे. राज्यातला रुपया हाली, ब्रिटिश हद्दीतला कलदार. मनमाड ब्रिटिश हद्दीत, औरंगाबाद निजामाच्या. 1900 मध्ये मनमाडहून गोदावरी खोऱ्याची रेल्वे औरंगाबादपर्यंत आली तेव्हा हा फरक रोजच्या गिऱ्हाइकाचा झाला. पुढे सरकारी दर ठरला तो शंभर कलदारला 116 हाली रुपये, 10 आणे, 8 पै. म्हणजे सहाला सात. साडेतीनशे कलदारचे किती? 408 रुपये, 5 आणे, 4 पै. हे उत्तर पाटीपेन्सिलीशिवाय सांगणारा पोरगा सराफाच्या ओट्यावर बसलेला असे, आणि बाजारातला बट्टा रोज थोडा वरखाली होई तोही त्याच्या डोक्यात असे. आजच्या परकीय चलनाच्या टेबलावर बसणाऱ्यापेक्षा त्याचे काम वेगळे नव्हते. फरक इतकाच की त्याला या ओट्यावरून दुसरीकडे कोठे जाता येत नव्हते. त्याचे कसब त्या पेढीबाहेर कोणी मोजत नव्हते. कसब बाहेर मोजलेच जात नसेल, तर त्याला नोकरी म्हणावे, पेशा म्हणू नये, असे माझे मत आहे.

जामीन बदलण्याचा पहिला प्रयत्न सरकारचा. 1941 च्या कायद्याने हैदराबाद स्टेट बँक उभी राहिली आणि 5 एप्रिल 1942 रोजी तिचे कामकाज सुरू झाले. येथे नोकर ठेवणारा शेटजी नव्हता, संस्थान होते. पण संस्थानाचेही आपले ‘कोणाचा’ होतेच. मुलकी की गैरमुलकी, म्हणजे संस्थानातला की बाहेरचा, आणि उर्दू किती येते. मराठी शाळेतून आलेल्या मुलाला हे कुंपण पेढीच्या कुंपणापेक्षा ठेंगणे होते, पण कुंपण होते. संस्थान गेल्यावर बँक राहिली: 1956 मध्ये ती स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली. त्याच वर्षी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, म्हणजे मराठवाड्यातल्या या मोठ्या बँकेचे मुख्यालय दुसऱ्या राज्यात, दुसऱ्या भाषेच्या गावात राहिले. 2017 च्या एप्रिलमध्ये ती भारतीय स्टेट बँकेत विलीन होईपर्यंत हे असेच चालले.

खरी फट पडली ती दोन गोष्टी जुळून आल्यावर. 1950 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने येथे महाविद्यालय काढले, तेच नागसेनवनातले मिलिंद. 1923 मध्ये रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिणारा अर्थशास्त्रज्ञ ज्या शहरात कॉलेज काढत होता, त्या शहरात तेव्हा हाली रुपया अजून चालत होता. 1958 मध्ये मराठवाडा विद्यापीठ आले. मग 19 जुलै 1969 रोजी बँक ऑफ महाराष्ट्रसह चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, लेखी परीक्षेने भरती आणि राखीव जागा या गोष्टी बँकांत रुजल्या. ज्यांच्या आज्याला सावकाराच्या ओट्यावर चढू दिले नसते, त्यांची नातवंडे कॅश काउंटरच्या आत बसली. स्त्रियांचेही तेच: पेढीच्या गादीवर त्यांना जागाच नव्हती, परीक्षेच्या यादीत मात्र होती.

ग्रामीण बँकेची गोष्ट मला यापेक्षाही महत्त्वाची वाटते. 26 सप्टेंबर 1975 च्या ग्रामीण बँकांच्या वटहुकमामागे नरसिंहम यांच्या अभ्यासगटाची कल्पना अशी होती की नोकर त्याच भागातले असावेत आणि त्यांचा पगार राज्य सरकारी नोकरांइतका असावा. 1976 मध्ये नांदेडला मराठवाडा ग्रामीण बँक निघाली. पुढे औरंगाबाद-जालना ग्रामीण बँकही आली. सातबारा वाचता येणारा, कोणत्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी टिकते हे जाणणारा माणूस कर्जाच्या टेबलावर बसला. पेढीवाल्याचे जे खरे बळ, म्हणजे गिऱ्हाइकाची माहिती, ते यात आले आणि नात्याचा जामीन मात्र वगळला गेला. स्थानिक म्हणून त्याला स्वस्तात राबवायचा बेत कर्मचाऱ्यांनी लढून मोडला. 1990 च्या न्या. ओबुल रेड्डी निवाड्याने त्यांना प्रायोजक बँकांच्या बरोबरीचे वेतन मान्य झाले.

परीक्षेवरचे आक्षेप ठाऊक आहेत. घोकंपट्टीला यश मिळते, शिकवणीला पैसे लागतात, आणि काउंटरवरचा नोकर गिऱ्हाइकाकडे मान वर करून पाहत नाही. तिन्ही खरे. पण पर्याय म्हणून ‘ओळखीने काम नीट चालायचे’ असे जे म्हणतात त्यांनी 2023 कडे पाहावे. शहरातल्या एका पतसंस्थेतला अपहार त्या वर्षी उघडकीस आला, पुरेशा तारणाविना कर्जे वाटल्याचे आरोप झाले आणि ठेवीदार रस्त्यावर उतरले. आपला माणूस, आपली संस्था, या भरवशावर आयुष्यभराची पुंजी ठेवलेले लोक होते ते. पेढीवाल्याची निदान स्वतःची अब्रू पणाला लागलेली असे. येथे ओळख तेवढी उरली होती.

गुंतवणुकीच्या क्षेत्रात अजून उलटेच चित्र आहे. म्युच्युअल फंड विकणाऱ्यालाही आता परीक्षा आहे, पण त्याचा धंदा वाढतो तो नातेवाईक, शाळासोबती आणि कॉलनीतल्या मंडळींवर. आणि पैसा कोठे घालायचा हे ठरवणारी खुर्ची मुंबईत आहे. त्या खुर्चीजवळ जायचे तर ‘कोणाचा’ असे कोणी विचारत नाही, ‘कोणत्या संस्थेचा’ असे विचारतात, आणि त्या संस्थांची यादी गुमास्त्याच्या गोतावळ्यापेक्षा फार लांब नाही.

1 मे 2025 पासून राज्यात एकच ग्रामीण बँक आहे, महाराष्ट्र ग्रामीण बँक, आणि तिचे मुख्यालय छत्रपती संभाजीनगरात आहे. तिच्या नोकरांचा इतिहास उद्या कागदोपत्री सापडेल. पेढ्यांवरच्या गुमास्त्यांचा मात्र त्यांच्या वह्यांतच आहे: कोणाला किती पगार, कोणाच्या नावे उचल, कोण कधी निघून गेला. गुलमंडी, शहागंज, सराफा या भागांतल्या जुन्या घरांत माळ्यावर लाल कापडाच्या बांधणीतल्या अशा लांबट वह्या कोणाकडे असतील, तर त्या रद्दीत घालू नका. विद्यापीठाच्या इतिहास वस्तुसंग्रहालयात नेऊन दाखवा. मोडी वाचणारी माणसे अजून आहेत.