दिनविशेष : १७ एप्रिल – मद्रासहून लघुग्रहाचा शोध (१८६१)

मद्रास वेधशाळेतील खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन रॉबर्ट पॉगसन यांनी १८६१ मध्ये आजच्या दिवशी ६७ क्रमांकाचा लघुग्रह शोधला. आशिया खंडातून शोधलेला हा पहिलाच लघुग्रह, म्हणून त्याचे नाव ‘एशिया’ ठेवले गेले. १८२९ मध्ये नॉटिंगहॅम येथे जन्मलेल्या पॉगसन यांनी ऑक्सफर्डमधून तीन आणि मद्रासहून पाच लघुग्रह शोधले. पहिल्या प्रतीचा तारा सहाव्या प्रतीच्या ताऱ्याहून शंभरपट तेजस्वी, हे त्यांनी १८५६ मध्ये सुचवलेले गणित आजही प्रमाण मानले जाते. त्यांची कन्या आयसिस १८७३ पासून याच वेधशाळेत साहाय्यक होती. तीस वर्षांच्या सेवेनंतर २३ जून १८९१ रोजी मद्रास येथेच पॉगसन यांचे निधन झाले.